गिळलेला ‘ट’

भांडण पाण्यावरून सुरू झालं. प्यायच्या पाण्यावरून नव्हे, ते घरात भरपूर होतं. पाण्याच्या इंग्रजी शब्दावरून. रविवारची दुपार, जेवणं उरकलेली, टेबल अजून पुसायचं राहिलेलं, आणि आईला लहर आली की तिन्ही मुलांना आपलं इंग्रजी ऐकवावं. तिनं चष्मा नाकावर नीट बसवला, घसा साफ केला आणि परीक्षेला बसल्यासारखी म्हणाली, “मे आय हॅव सम वोऽटर, प्लीज?”

“वॉडर,” बाळ्या म्हणाला. “ट नाही गं आई, ड. आणि शेवटचा र चांगला वळव. वॉडर्र.”

“काही वळवू नकोस,” चिमी म्हणाली. “वोऽटा. र म्हणायचाच नाही. तुझं बरोबर आहे आई, फक्त तेवढा र सोड.”

“एक म्हणतो ट सोड, एक म्हणते र सोड. मग माझ्याकडे राहिलं काय? वॉ?” आई म्हणाली. “तुमच्या नादी लागले तर तहानेनं मरेन मी.”

बाळ्या आणि चिमी खो खो हसले. ताई नुसती ताटं गोळा करत राहिली. बाळ्याची चाळिशी उलटली होती, पुढून टक्कल पडलं होतं, अमेरिकेत हाताखाली तीस माणसं होती, तरी घरात तो बाळ्याच. चिमी मधली, लग्न करून इंग्लंडला गेली त्याला बारा वर्षं झाली. आणि थोरली ही ताई. भावंडांची ताई, शेजाऱ्यांची ताई, इतकंच काय, जन्म देणारी आईही तिला ताईच म्हणायची. लग्नाचं दोनदा जमता जमता राहिलं आणि नंतर कुणी विषयच काढला नाही. घरात आई आणि ताई, दोघीच. मास्तर, म्हणजे मुलांचे बाबा, होते तेव्हा तिघं होते.

आणि आता हे घरही सुटणार होतं. घरमालकाला कळवून झालं होतं. गुरुवारी बाळ्या आईला घेऊन अमेरिकेला जाणार, कायमचं. चिमी आवराआवरीला म्हणून आली होती. ताईनं ऑफिसच्या जवळ बायकांच्या वसतिगृहात एक खोली बघून ठेवली होती. कॉट, कपाट, खिडकी, आणि खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. सकाळीच दोघा भावंडांनी तिला स्वयंपाकघरात गाठून, एकमेकांच्या सुरात सूर मिसळून सांगितलं होतं, “ताई, तू आता मोकळी होशील बघ. किती केलंस आईचं!” ताई हो म्हणाली. मोकळी करणाऱ्यांनी आधी विचारायचं असतं, हे तिच्या जिभेवर आलं होतं, पण तिनं ते तिथंच ठेवलं.

जीभ हाच तिचा धंदा. परदेशातल्या गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्या एका कंपनीत ती नव्या पोरापोरींना उच्चार शिकवायची. ऑफिसात तिला ॲक्सेंट मॅडम म्हणत. ओठांपुढे कागदाची पट्टी धरायला लावायची आणि ‘पेपर’ म्हणायला सांगायची. पट्टी फडफडली पाहिजे, नाही फडफडली तर पुन्हा. व आणि व्ह यांच्यातला फरक दाखवायला आरसा द्यायची. नवीन तुकडी आली की पहिल्या दिवशी पहिला प्रश्न ठरलेला: कुठलं शिकायचं, अमेरिकन की ब्रिटिश?

मास्तर गेल्यावर दुसऱ्या वर्षी आई तिला म्हणाली, “मलाही शिकव. मुलं तिकडे, नातवंडं तिकडे, मी फोनवर नुसती हसत बसते खुळ्यासारखी.” तेव्हा ताईनं सवयीनं तोच प्रश्न तिलाही टाकला होता.

“दुकानात कापड विचारावं तसं विचारतेस,” आई म्हणाली. “मला ह्यांचं दे.”

“बाबांचं?”

“ह्यांचं होतं तसंच. दुसरं माझ्या कानाला चालणार नाही.”

ते खरंच होतं. मास्तर चाळीस वर्षं इंग्रजी शिकवत होते, शाळेत आणि घरात बाहेरच्या खोलीत. रेडिओवरच्या बातम्या ऐकून ऐकून त्यांनी आपले उच्चार घासूनपुसून घेतले होते. आई भिंतीपलीकडे भाजी चिरता चिरता सगळं ऐकायची. अर्थ कळत नव्हता, पण चाल पाठ झाली होती. ‘कान्ट’वर तर मास्तरांचा भारी जीव. “तोंड उघडा!” ते मुलांवर ओरडायचे. “काऽन्ट! नकार असा द्यावा की समोरच्याला पुन्हा विचारायची सोयच राहू नये.” एरवी मास्तरांना भाजीवाल्यालाही नाही म्हणता यायचं नाही, पण इंग्रजीत ते फार कडक होते.

तर आई वर्षभर ते इंग्रजी शिकली. आणि गेल्या महिन्यात एका सकाळी तिनं बाळ्याच्या घरी फोन लावला. बाळ्या बाहेर गेला होता, फोन सुनेनं घेतला. सून तिकडेच जन्मलेली, तिकडेच वाढलेली. मराठीतलं तिला ‘कसं काय’ एवढंच यायचं, आणि तेही ती निरोप घेताना म्हणायची. ताई शेजारी इस्त्री करत होती. तिनं उठून फोन घ्यायला हात पुढे केला, तर आईनं तो झिडकारला. आज माझं मीच बोलणार. फोनचा स्पीकर लावला, आणि आठवडाभर घोकलेलं वाक्य तिनं एका दमात म्हटलं: मी तुमच्याकडे येऊन राहू शकते का?

मग सून बोलली, मऊ आवाजात, भरभर. “आयॅम सो सॉरी, मॉम. यू कॅन् स्टे विथ अस.”

आईचा चेहरा असा काही उजळला की ताईच्या हातातली इस्त्री तशीच थांबली. “थँक यू!” आई ओरडलीच. “थँक यू व्हेरी मच!” मग सून म्हणाली, “ओके, मॉम. टेक केअर,” आणि फोन बंद झाला.

“बघितलंस?” आई म्हणाली. “राहा म्हणाली! मी आपली उगीच तिला परकी समजत होते.”

“ती सॉरी कशाला म्हणाली पण?” ताईनं हळूच विचारून बघितलं.

“अगं, ती लोकं शिंक आली तरी सॉरी म्हणतात. तूच शिकवलंस ना मला?”

ताईनंच शिकवलं होतं. आणि ताईच्या कानानं जे ऐकलं होतं ते स्वच्छ ऐकलं होतं. सून राहा म्हणाली नव्हती. राहता येणार नाही म्हणाली होती. अमेरिकन माणसं ‘कान्ट’ला ‘कॅन्ट’ म्हणतात आणि वर त्यातला ट गिळून टाकतात; बाहेर येतो तो ‘कॅन्’. मास्तरांच्या शाळेत तयार झालेल्या कानाला नकार म्हणजे लांबलचक आ. आ आला नाही, म्हणजे होकार. आईचा हिशेब सरळ होता.

संध्याकाळपर्यंत तिनं तीन मजले सांगून टाकलं होतं. सुनेनं स्वतः बोलावलंय, तिच्या तोंडानं. आठवडाभरात बाळ्याचा फोन आला, तोही म्हणाला, ये आई, मी न्यायला येतो. ताईला वाटलं, झालं, त्यानं बायकोची समजूत काढली असेल. वाटलं म्हणजे तिनं तसं वाटून घेतलं. पण इस्त्री करताना ऐकलेलं ते वाक्य काही तिच्या कानातून जाईना. आईला सांगावं तर आईचं तोंड उतरणार, आणि शिवाय आई म्हणणार, हिला मला सोडायचं नाही म्हणून हिचे हे चाळे. न सांगावं तर आई नको असलेल्या घरी जन्माची पाहुणी होऊन जाणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. महिनाभर ताईनं तो खाल्ला.

टेबलावर आता वॉटर मागे पडलं होतं आणि खरं भांडण बाहेर आलं होतं.

“आईनं अमेरिकन शिकायला हवं होतं,” बाळ्या म्हणाला. “माझ्या पोरांना तिचं बोलणं कळायचं नाही. ती हसतील.”

“आजीला हसणारी पोरं असतील तर ती तुझी चूक, आईची नाही,” चिमी म्हणाली. “आणि बाबांचं इंग्रजी कुठं चालतं? माझ्याकडे. खरं तर आईनं माझ्याकडेच यायला हवं. मी आधीच बोलणार होते.”

“मग बोलायचं होतंस. सकाळी तर तू माझ्या बाजूनं होतीस.”

“सकाळी मी ताईच्या बाजूनं होते. तिची सुटका व्हावी म्हणून.”

“माझ्या बाजूनं?” ताई म्हणाली. “मला कळवायचं राहिलं वाटतं.”

तिच्या बोलण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. चिमीला आता चेव आला होता. ती लहानपणापासून अशीच. बाळ्याच्या ताटात वाढलेलं दिसलं की हिला तेच हवं. “तुमचं इंग्रजी म्हणजे नुसतं तोंडात गोटी धरून बोलणं. हो म्हणतात की नाही म्हणतात तेसुद्धा कळत नाही. आमच्या ऑफिसात एक अमेरिकन साहेब आहे. तो ‘आय कॅन् कम’ म्हणाला की आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. येतोय की येत नाहीये?”

“काहीतरीच. आम्हाला बरोबर कळतं.”

“कसं कळतं? सांग ना मग आईला. तिला जन्मभर राहायचंय तिथं.”

बाळ्यानं सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. ताई त्याच्याकडेच बघत होती. तिनं त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गळून पडताना बघितलं, आणि नजर आईकडे जाऊन चटकन टेबलावर येताना बघितली. लहानपणी बरणीतला खाऊ संपवल्यावर तो असाच टेबलाकडे बघायचा.

“ते... येतं सवयीनं,” तो म्हणाला.

म्हणजे याला माहीत आहे, ताईच्या मनात आलं. याला पहिल्यापासून माहीत आहे.

“सवयीनं कसं?” आई म्हणाली. “हो आणि नाही सवयीवर सोडून कसं चालेल रे? उद्या मी दुकानात उभी राहीन आणि तो नाही म्हणत असेल नि मी थैली उघडून बसेन. ताई, तू सांग. तुझं तर पोटच त्यावर चालतं.”

ताईच्या हातात ओलं फडकं होतं. बाळ्यानं मान वर केली आणि तिच्याकडे बघून अगदी थोडी, कुणाला दिसणार नाही इतकी, मान हलवली. नको. ताईला वाटलं, काय सोपं आहे! खरंच कळत नाही गं, म्हणायचं आणि टेबल पुसायचं. गुरुवारी विमान उडून जाईल. पण आई चष्म्यातून तिच्याकडे बघत होती, वर्षभर रोज संध्याकाळी बघायची तशी, आणि ताई काय सांगेल ते खरं असेल याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

“कुठलं वाक्य घेऊ?” ताईनं विचारलं. तेवढाच वेळ मिळाला.

“हेच घे ना. यू कॅन् स्टे विथ अस. ते माझ्या तोंडात बसलंय.”

बसलं होतंच. महिनाभर भांडी घासताना ती ते गुणगुणत होती.

“हो असेल,” ताई म्हणाली, आणि तिला स्वतःचाच ऑफिसातला आवाज ऐकू आला, “हो असेल तर ‘कॅन’ला काही किंमत नसते. तो शब्द घाईत उरकतात. जोर पुढच्या शब्दावर. यू क’न स्टेऽ विथ अस.”

“क’न स्टेऽ,” आई पुटपुटली. “आणि नाही असेल तर?”

“ताई, राहू दे,” बाळ्या म्हणाला. “दमली असेल आई.”

“मी कशानं दमते? सांग गं.”

“नाही असेल तर सगळा जोर त्याच शब्दावर. ट गिळतात, पण तो गिळताना घशात बारीकशी उचकी बसते. श्वास जरासा अडतो, आणि मग पुढचा शब्द.” ताईनं म्हणून दाखवलं. “यू कॅन्. स्टे विथ अस.”

आईनं ते मनातल्या मनात म्हणून बघितलं. तिचे ओठ हलत होते. मग ती म्हणाली, “परत म्हण.”

“कुठलं?”

“दुसरं.”

ताईनं परत म्हटलं. सुनेच्याच आवाजात म्हटलं गेलं की काय, तिला कळलं नाही. पण ऐकलेलं तिच्याकडून जसंच्या तसं निघायचं, तीच तर तिची ख्याती होती. आईनं डोळे मिटून ते पुरं ऐकलं. मग स्वतः म्हणाली, “यू कॅन्. स्टे विथ अस.” जोर बरोबर, श्वास बरोबर जिथं अडायचा तिथं अडलेला, ट गिळलेला. वर्षभरात आईच्या तोंडून अमेरिकन उच्चार पहिल्यांदाच आला आणि तो अगदी बिनचूक आला.

“वा वा!” चिमीनं टाळी वाजवली. “काय गं आई! जमलं की तुला!”

“जमलं खरं,” आई म्हणाली. तिनं ताईच्या हातातलं फडकं घेतलं, टेबलाचा आपल्यापुढचा तेवढाच कोपरा पुसला आणि उठली. “चहा टाकते.”

चिमी तिच्या मागे आत गेली. बाळ्या गॅलरीत गेला तशी ताईही गेली. खाली रस्त्यावर बंद दुकानांची रांग होती आणि एक माणूस भिंतीवरचं जुनं पोस्टर खरवडत होता. बाळ्या कठड्याला टेकून त्याच्याकडेच बघत राहिला.

“का सांगितलंस?” तो म्हणाला.

“तुला माहीत होतं.”

“बायको म्हणाली मला त्याच दिवशी. तुझी आई किती समजूतदार आहे, म्हणाली. मी नाही म्हटलं तर उलट थँक यू म्हणाली. मी आईला फोन केला, तर आई म्हणते, सुनेनं बोलावलंय! काय बोलणार होतो मी? इतकी आनंदात होती ती.”

“म्हणून तू न्यायला आलास? बायको नको म्हणत असताना?”

“आई दारात उभी राहिली की ती काय हाकलून देणार आहे का? झाली असती सवय. सहा महिन्यांत झाली असती.”

“कुणाला? आईला की तिला?”

बाळ्यानं नाक ओढलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, “ताई, तिकडे घरात माझ्याशी मराठीत बोलणारं कुणी नाही गं. पोरं नाहीत, ती नाही. मी गाडीत एकटाच बोलतो. ‘अरे बाळ्या, काय रे बाळ्या,’ असं. मला वाटलं, निदान आई असेल.”

ताईला त्याच्यावर राग काढायचा होता, महिनाभर साठवलेला होता, पण आता काढायला गेली तर हाती येईना. तीही काही निराळी नव्हती. तो गप्प बसला आई यावी म्हणून. आणि आपण का गप्प बसलो? आईला दुखवायचं नव्हतं हे खरं, पण तेवढंच खरं नव्हतं. आपल्याला कुठंतरी वाटत होतं, आई जाईल, तिकडे तिला कळेल, आणि परत येईल. आपण न बोलता परत येईल. तिला स्वतःची शिसारी आली. तिनं भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं तसेच उभे राहिले.

चहा आला. आईनं चौघांचे कप मांडले, बाळ्याला साखर जास्त घातली, आणि आपल्या कपाला हात न लावता म्हणाली, “बाळ्या, माझं तिकीट रद्द कर. मी येत नाही.”

“आई!” चिमी म्हणाली. “अगं झालं काय?”

“मला ह्यांचं इंग्रजी सोडवत नाही. तुमच्यासारखी जीभ या वयात वळायची नाही.”

“आत्ता तर वळली की!”

“एकदा वळली म्हणून रोज वळते का?”

बाळ्या उठून तिच्याजवळ आला, खुर्चीशी गुडघ्यांवर बसला. टक्कल पडलेला एवढा मोठा माणूस, पण त्यानं तिचा हात घट्ट धरला. “आई, तू चल. मी सांगतो ना, चल. मी बघतो सगळं.”

“बायकोशी भांडू नकोस,” आई म्हणाली. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “चांगली आहे ती. तिनं मला आधी सॉरी म्हटलं होतं. मीच म्हटलं, ही आपली सवयीनं म्हणते.”

बाळ्यानं तोंड तिच्या मांडीत लपवलं. चिमी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. तिला काहीच उमगलं नाही, पण संधी तेवढी उमगली. “मग माझ्याकडे चल! माझ्याकडे तर बाबांचंच इंग्रजी. काही बदलायला नको.”

“जावईबापूंना विचारलंस?”

“त्यांना काय विचारायचं? ते कशाला नाही म्हणतील?”

“मग लाव फोन. आत्ता लाव. त्यांना म्हण, आई कायमची येते. आणि मला ऐकू दे ते काय म्हणतात ते. त्यांचं मला नीट कळतं.”

चिमीनं फोन उचलला. थोडा वेळ ती त्याच्या काचेकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आत्ता ते... रविवार आहे ना, झोपले असतील,” आणि फोन हळूच उलटा करून ठेवला. आईनं मान डोलावली आणि आपला चहा प्यायली. तो गार झाला होता.

दिवेलागणीला भाऊबहीण दोघंही बाहेर पडली, कुठं जातोय ते न सांगता. घरात खोकी होती, भिंतीवर तसबिरी काढल्याच्या चौकोनी खुणा होत्या. आई पलंगावर बसली होती, आणि बांधून झालेली बॅग सोडून तिनं आपले कपडे एकेक करून मांडीवर घेतले होते. ताई मदतीला वाकली.

“तू शेजारीच होतीस,” आई म्हणाली. “इस्त्री करत होतीस.”

“हो.”

“ऐकलंस.”

“ऐकलं.”

“आणि महिनाभर गप्प बसलीस.”

“सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, ताईला मला सोडायचं नाही म्हणून काहीतरी बनवून सांगते.”

आईनं खरोखरच विचार करून बघितला. “म्हटलंच असतं,” ती म्हणाली. “आणि तुला सोडायचं नव्हतंच.”

“नव्हतं,” ताई म्हणाली. “मला त्या खोलीत जायचं नव्हतं गं आई. मला कुणी विचारलंच नाही.”

“मग झालं तुझ्या मनासारखं.”

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर ताईला परवडला असता. आईनं साधं, भाजी आणली का विचारावं तसं म्हटलं, आणि हातातल्या स्वेटरची घडी मोडून पुन्हा घातली. ताई पलंगाच्या कडेला बसून रडली. आईनं रडू दिलं. जवळ घेतलं नाही, दूरही सरकली नाही.

“उद्या घरमालकाला भेटते मी,” ताई डोळे पुसत म्हणाली. “हे नाही तर दुसरं बघू, दोघींपुरतं. आणि संध्याकाळी पुन्हा बसत जाऊ शिकायला. बाबांचंच. दुसरं काही नाही.”

“नको.”

“अगं, एवढं छान येतं तुला. वर्षभर...”

“नको, ताई. पुरे झालं.” आईनं चष्मा काढला आणि मांडीवरच्या कपड्यांवर ठेवला. “तू अर्धवट शिकवलं होतंस तेच बरं होतं. महिनाभर मला सून बोलावत होती गं.”